यादी आणि चव्हाटा

एप्रिल २०१० मध्ये अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलायना राज्यात एका तरुणावरचा वाहतुकीचा नियम मोडल्याचा खटला न्यायालयाने सुनावणी सुरू होण्यापूर्वीच काढून टाकला. दंड नाही, न्यायालयाचा खर्च नाही. आपल्याकडच्या भाषेत सांगायचे तर फाटलेली पावती माफ झाली. त्या आनंदात त्याने फेसबुकवर दोन-चार ओळी लिहिल्या आणि परमेश्वराचे आभार मानले. असल्या ओळी कोणीही लिहितो आणि दुसऱ्या दिवशी विसरून जातो. डरहॅमच्या पोलीस खात्यातील एका कर्मचाऱ्याच्या नजरेस मात्र त्या पडल्या. फेसबुकवरील नाव वेगळे होते. तेव्हा त्या सुमारास कोणाचा असा खटला रद्द झाला याच्या न्यायालयीन नोंदी त्याने धुंडाळल्या, माणूस ओळखून काढला, झडतीचा हुकूम मिळवला, आणि त्या तरुणावर नवा खटला उभा राहिला. त्याने कोणा अल्पवयीन मुलाशी संपर्क साधला, किंवा आंतरजालावर दुसरे काही गैरकृत्य केले, असा आरोप सरकारने शेवटपर्यंत केला नाही. तो फेसबुकवर होता, एवढाच त्याचा गुन्हा. त्यासाठी त्याला तुरुंगवासाची शिक्षा सुनावण्यात आली; ती स्थगित ठेवली गेली, ही गोष्ट वेगळी.

हे वाचून जो संताप येईल तो वाचकाने क्षणभर थोपवून धरावा, कारण हकिगतीचा दुसरा भाग सांगायचा राहिला आहे. २००२ साली, एकवीस वर्षांचा महाविद्यालयीन विद्यार्थी असताना, या तरुणाने एका तेरा वर्षांच्या मुलीशी शरीरसंबंध केला होता. तेरा वर्षांच्या मुलीच्या संमतीला कायद्यात अर्थ नसतो, आणि तो नसावा हेच योग्य. त्याने गुन्हा कबूल केला, त्याला शिक्षा झाली, आणि राज्याच्या लैंगिक गुन्हेगारांच्या नोंदवहीत त्याचे नाव लागले. ते तीस वर्षे किंवा त्याहूनही अधिक काळ तेथे राहू शकत होते. पुढे २००८ साली राज्याने कायदा केला की, ज्या सामाजिक संकेतस्थळांवर अल्पवयीन मुलांनाही सदस्य होता येते, तेथे या नोंदवहीतील कोणीही पाऊल ठेवू नये. ठेवल्यास तो गंभीर स्वरूपाचा गुन्हा समजला जाईल.

हाच तो ‘पॅकिंगहॅम विरुद्ध नॉर्थ कॅरोलायना’ खटला. १९ जून २०१७ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने त्यात निर्णय देऊन तो कायदा घटनाबाह्य ठरवला.

आम्ही दोघे महाविद्यालयात मराठी शिकवतो. कायदा हा आमचा विषय नव्हे. तरीही या खटल्याने आम्हाला बरेच दिवस अस्वस्थ केले, त्याचे कारण आमच्या वर्गातच आहे. अभिव्यक्तिस्वातंत्र्यावर बोलण्याची वेळ आली की आम्ही हटकून ‘सखाराम बाइंडर’चे उदाहरण देतो, बंदी आलेली पुस्तके, कापलेली नाटके, छळ सोसलेले लेखक यांची नावे घेतो. ही उदाहरणे देणे सोपे असते. ऐकणाऱ्याची सहानुभूती आधीपासूनच लेखकाच्या बाजूला असते, आणि स्वातंत्र्याची बाजू घेण्याकरिता आपल्याला काही मोजावे लागत नाही. पण ज्याच्या कृत्याने मनात केवळ घृणा उत्पन्न होते, अशा माणसाच्या स्वातंत्र्याचे काय? हा कायदा प्रथम वाचला तेव्हा आमची पहिली प्रतिक्रिया ‘बरे केले’ अशीच होती. ती प्रतिक्रिया का टिकली नाही, हे सांगण्यासाठी प्रस्तुत लेख आहे. आणि ते सांगायचे तर सत्तरहून अधिक वर्षे मागे जावे लागते.

राज्यव्यापी यादीची सुरुवात १९४७ साली कॅलिफोर्नियात झाली. लैंगिक गुन्ह्यात दोषी ठरलेल्याने आपला पत्ता पोलिसांकडे नोंदवावा, असा तो नियम होता. यादी पोलिसांपुरती होती. शेजाऱ्यापाजाऱ्यांना ती दिसत नसे. परंतु तिचा एक स्वभाव तेव्हाच प्रकट झाला होता. मुलांवर अत्याचार करणाऱ्यांबरोबरच, त्या काळच्या कायद्याने ‘अश्लील वर्तना’बद्दल शिक्षा झालेले समलिंगी पुरुषही तीत लिहिले गेले. यादीचे दार एकदा उघडले की आत कोणाला घ्यायचे हे काळाच्या पूर्वग्रहांवर ठरते, ही गोष्ट पुढेही वारंवार दिसून येणार होती.

खरी कलाटणी मिळाली ती दोन मुलांच्या मृत्यूंमुळे. ऑक्टोबर १९८९ मध्ये मिनेसोटा राज्यातील सेंट जोसेफ या लहान गावी जेकब वेटरलिंग हा अकरा वर्षांचा मुलगा भाऊ आणि मित्रासोबत सायकलवरून घरी परतत असताना एका बुरखाधारी बंदूकवाल्याने त्याला पळवून नेले. त्याच्या आईने, पॅटी वेटरलिंग यांनी, मुलांच्या सुरक्षिततेसाठी आयुष्य वेचले. त्यांच्या प्रयत्नांतून १९९४ साली जेकबच्या नावाचा केंद्रीय कायदा झाला आणि प्रत्येक राज्याला अशी नोंदवही ठेवणे भाग पडले. त्याच वर्षी २९ जुलैला न्यू जर्सीत मेगन कांका या सात वर्षांच्या मुलीवर अत्याचार करून तिचा खून झाला. खुनी समोरच्याच घरात राहत होता. अशाच गुन्ह्यांत तो पूर्वी दोनदा दोषी ठरला होता, आणि मेगनच्या घरच्यांना याची गंधवार्ताही नव्हती. ‘आम्हाला हे कोणी सांगितले का नाही?’ या प्रश्नाला कोणत्याही सरकारपाशी उत्तर नसते. सुमारे तीन महिन्यांत न्यू जर्सीने कायदा केला, १९९६ साली तो देशाचा झाला, आणि पोलिसांच्या कपाटातील यादी लोकांसमोर आली.

या आईबापांच्या दुःखाविषयी चकार शब्द काढण्याचा आम्हाला अधिकार नाही. परंतु त्यांच्या दुःखातून झालेल्या कायद्यांविषयी बोलता येणे अवश्य आहे. कायद्याला मृत मुलाचे नाव दिले की त्याच्यावरची टीका त्या मुलावरच केल्यासारखी वाटू लागते, आणि विधिमंडळात विरोधी मत देणारा उरत नाही. २००६ साली अ‍ॅडम वॉल्श या, १९८१ मध्ये मारल्या गेलेल्या सहा वर्षांच्या मुलाच्या नावाने आणखी एक केंद्रीय कायदा झाला. त्याने नोंदीचे नियम देशभर कडक आणि एकसारखे करण्याचा प्रयत्न केला, आणि काही गंभीर गुन्ह्यांपुरती चौदा वर्षांच्या मुलांनाही नोंद लागू केली. मुलांच्या रक्षणासाठी केलेल्या यादीत मुलांचीच नावे लिहिली जाऊ लागली. पुढे पॅटी वेटरलिंग यांनीच ही यादी फार पसरली की काय, असा प्रश्न जाहीरपणे विचारला. आपल्या मुलाच्या नावाच्या कायद्याविषयी आईने असे विचारणे, हे या इतिहासातील सर्वांत धैर्याचे पान आहे असे आम्हाला वाटते. २०१६ साली जेकबचा मारेकरी अखेर उघडकीस आला, तेव्हा कळले की तो पूर्वी कधी लैंगिक गुन्ह्यात दोषी ठरलाच नव्हता. म्हणजे १९८९ मध्ये यादी असती, तरी तीत त्याचे नाव नसते.

ही यादी शिक्षा आहे की केवळ माहिती? २००३ साली अलास्का राज्यातील एका खटल्यात हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढे आला. कायदा होण्यापूर्वीच ज्यांनी शिक्षा भोगून संपवली होती, त्यांनाही नोंदवहीत ओढले गेले होते. आरोपीच्या बाजूने म्हटले गेले की, नाव, छायाचित्र, पत्ता आंतरजालावर टांगणे हा जुन्या काळच्या जाहीर बेअब्रूचाच प्रकार आहे. आपण ज्याला धिंड काढणे म्हणतो तो. न्यायालयाला हे पटले नाही. सहा विरुद्ध तीन अशा बहुमताने ठरले की, ही दिवाणी स्वरूपाची, सुरक्षिततेची तजवीज आहे. शिक्षा नव्हे, म्हणून ती पूर्वलक्षी असली तरी चालेल. बहुमताचे निकालपत्र न्यायमूर्ती अँथनी केनेडी यांनी लिहिले. आंतरजालावरील यादी पाहणे म्हणजे सरकारी दप्तरखान्यात जाऊन जुनी कागदपत्रे चाळण्यासारखेच आहे, फक्त ते आता सोपे झाले आहे, असा त्यांचा युक्तिवाद होता.

त्या निर्णयामागे एक समजूत होती. लैंगिक गुन्हेगार पुन्हा गुन्हा करण्याचा धोका भयावह प्रमाणात मोठा असतो, ही ती समजूत. आदल्याच वर्षी, २००२ मध्ये, दुसऱ्या एका खटल्यात केनेडी यांनी आकडाही दिला होता: उपचार न घेतलेल्यांमध्ये हे प्रमाण ८० टक्क्यांपर्यंत असू शकते. हा आकडा पुढे असंख्य निकालपत्रांत उतरत गेला. २०१५ साली आयरा एलमन आणि टारा एलमन या अभ्यासकांनी त्याचा माग काढला. न्यायालयाने तो १९८८ च्या एका सरकारी मार्गदर्शिकेतून घेतला होता, आणि मार्गदर्शिकेने १९८६ च्या एका लोकप्रिय मानसशास्त्रविषयक नियतकालिकातून. मूळ लेखात त्या विधानाला कसलाही आधार दिलेला नव्हता. जुन्या पोथ्यांच्या संशोधनात असे प्रसंग आम्हाला परिचयाचे आहेत. एका लेखनिकाची चूक पुढच्या दहा प्रतींत उतरते आणि दहा प्रतींचा दाखला म्हणून ती प्रमाण ठरते. येथे त्या चुकीवर माणसांची आयुष्ये तोलली गेली, एवढाच फरक.

अमेरिकेच्या न्याय खात्याची स्वतःची आकडेवारी काय सांगते? १९९४ साली पंधरा राज्यांच्या तुरुंगांतून सुटलेल्या ९,६९१ पुरुष लैंगिक गुन्हेगारांपैकी तीन वर्षांत ५.३ टक्के पुन्हा लैंगिक गुन्ह्यासाठी पकडले गेले. २००५ साली सुटलेल्यांचा नऊ वर्षे पाठपुरावा केला, तेव्हा बलात्कार वा लैंगिक हल्ल्यासाठी पुन्हा अटक झालेले ७.७ टक्के निघाले. हे आकडेही जपूनच वापरले पाहिजेत. अनेक अत्याचार कधी उघडकीसच येत नाहीत, त्यामुळे अटकेचे प्रमाण म्हणजे गुन्ह्याचे प्रमाण नव्हे. तरीही ८० आणि ८ यांत अंतर आहे, आणि कायदा त्यांपैकी चुकीच्या बाजूला उभा होता.

आता आंतरजालाकडे वळू. २००७ च्या सुमारास मायस्पेस हे तरुणांचे सर्वांत गजबजलेले संकेतस्थळ होते. त्या वर्षी जुलैमध्ये जाहीर झाले की, नोंदवहीत नाव असलेल्या २९,००० हून अधिक व्यक्तींची खाती तेथे सापडली. २००९ पर्यंत हा आकडा ९०,००० वर गेला. पालकांच्या काळजाचा ठोका चुकावा, अशीच ही बातमी होती. लागलीच कायदे झाले. न्यूयॉर्कने २००८ साली, त्याच वर्षी केंद्राने आणि नॉर्थ कॅरोलायनाने. पाठोपाठ इंडियाना, लुइझियाना, नेब्रास्का या राज्यांनीही निर्बंध आणले. २०१२ साली कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी एका लोकमताच्या कायद्यान्वये नोंदवहीतील प्रत्येकाने आंतरजालावरील आपली सर्व नावे पोलिसांना कळवावीत असे ठरवले, तेव्हा सुमारे ८१ टक्के मते बाजूने पडली. हा कायदा मानवी व्यापाराविरुद्धच्या प्रस्तावाचाच एक भाग होता; विरोधात मत देणे म्हणजे काय, हे मतदाराला वेगळे सांगावे लागत नव्हते.

न्यायालये मात्र हळूहळू वेगळ्या वाटेने चालली होती. शिक्षेनंतरच्या देखरेखीच्या काळात आंतरजाल वापरण्यावर बंदी घालणारी अट १९९९ मध्ये एका अपील न्यायालयाने उचलून धरली. त्या प्रकरणात आरोपीने चौदा वर्षांच्या मुलीला आंतरजालावरूनच गाठले होते. उलट २००२ मध्ये न्यूयॉर्कच्या अपील न्यायालयाने तशीच अट दुसऱ्या प्रकरणात रद्द केली. फसवणूक करणाऱ्याने दूरध्वनी वापरला म्हणून त्याला जन्मभर दूरध्वनीबंदी करत नाहीत, असा त्या न्यायालयाचा साधा सवाल होता. २०१२-१३ मध्ये लुइझियाना, नेब्रास्का आणि इंडियाना येथील सामाजिक संकेतस्थळांवरील सरसकट बंद्या रद्द झाल्या. ब्रिटनमध्येही २०११ साली अपील न्यायालयाने सरसकट आंतरजालबंदी अवाजवी ठरवली. त्याऐवजी पोलिसांना संगणक तपासू द्यावा, वापराचा इतिहास पुसू नये, अशा मोजक्या अटी घालाव्यात, असा मार्ग दाखवला.

या पार्श्वभूमीवर पॅकिंगहॅमचा खटला वर चढत गेला. राज्याच्या अपील न्यायालयाने कायदा रद्द केला. २०१५ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने तो पुन्हा जिवंत केला. या माणसाला इतर संकेतस्थळे मोकळी आहेतच, असे त्या न्यायालयाने म्हटले, आणि त्यांत एका प्रसिद्ध सुगरणीच्या पाककृतींच्या संकेतस्थळाचाही दाखला दिला. राज्याच्या चर्चेत बोलण्याचा हक्क गेला तरी रस्सा कसा करावा हे वाचण्याचा हक्क शिल्लक आहे, असाच याचा अर्थ.

२०१७ मध्ये देशाच्या सर्वोच्च न्यायालयाच्या आठही उपस्थित न्यायमूर्तींनी कायदा घटनाबाह्य ठरवला. राज्यातील सुमारे २०,००० माणसे त्या कायद्याच्या कक्षेत होती आणि हजाराहून अधिकांवर खटले भरले गेले होते. मुख्य निकालपत्र पुन्हा केनेडी यांचेच. बागा, रस्ते, चौक येथे माणसे जमून बोलतात, म्हणून तेथले स्वातंत्र्य सर्वांत अधिक जपायचे, ही अमेरिकी कायद्यातली जुनी परंपरा. आज तो चौक आंतरजालावर आहे, असे ते म्हणाले. नोकरीची जाहिरात तेथे, बातमी तेथे, लोकप्रतिनिधीला जाब विचारायचा तोही तेथे. शिक्षा भोगून सुधारू पाहणाऱ्यालाही या जगाशी संबंध ठेवण्याचा उपयोग असतो. अल्पवयीनाशी संपर्क साधणे, त्याची माहिती गोळा करणे, अशा नेमक्या कृतींना मज्जाव करणारा कायदा राज्याला खुशाल करता येईल; पण सबंध चौकच बंद करता येणार नाही.

चौदा वर्षांपूर्वी ज्या न्यायमूर्तींना आंतरजाल म्हणजे दप्तरखाना वाटला, त्यांनाच आता ते चव्हाटा वाटले. मराठीतला हा शब्द येथे फार मार्मिक ठरतो. चव्हाटा म्हणजे चार वाटा मिळतात ती जागा, गावाने एकत्र येण्याची, बोलण्याची जागा. पण एखाद्याची गोष्ट ‘चव्हाट्यावर आणली’ असे आपण म्हणतो, तेव्हा त्याची अब्रू गेलेली असते. नॉर्थ कॅरोलायनाच्या कायद्याने या दोन अर्थांतील एकच अर्थ त्या माणसासाठी राखून ठेवला होता. त्याचे छायाचित्र, पत्ता आणि गुन्हा आंतरजालावर जगाला पाहण्यासाठी कायम राहणार. त्याने स्वतः मात्र तेथे उभे राहून तोंड उघडायचे नाही. चव्हाट्यावर आणलेल्याला चव्हाट्याची बंदी!

निकाल एकमुखी असला तरी सूर एक नव्हता. न्यायमूर्ती सॅम्युअल अलिटो यांनी दोन सहकाऱ्यांसह वेगळे मतपत्र लिहिले. कायदा फार व्यापक आहे हे त्यांनाही मान्य होते. त्याच्या व्याख्येत पुस्तके विकणारे अ‍ॅमेझॉन, वॉशिंग्टन पोस्ट हे वृत्तपत्र आणि आरोग्याची माहिती देणारे संकेतस्थळसुद्धा सापडते, हे त्यांनीच दाखवून दिले. परंतु आंतरजालाला चौक म्हणणे त्यांना धोक्याचे वाटले. चौकात मुलाशी कोण बोलते आहे हे आईबापांना दिसते. आंतरजालावर ते दिसत नाही. माणूस नाव बदलतो, वय बदलतो, मुलाच्या खोलीत शिरतो. हा आक्षेप बिनतोड आहे, आणि नागरी स्वातंत्र्याची बाजू घेणाऱ्यांनी तो हसण्यावारी नेऊ नये. केनेडींची उपमा जेथे थांबते तेथूनच पालकांची भीती सुरू होते.

मग त्या भीतीला उत्तर काय? येथे न्यू हॅम्पशायर विद्यापीठातील डेव्हिड फिंकेलहोर आणि त्यांच्या सहकाऱ्यांचे संशोधन उपयोगी पडते. आंतरजालावरून सुरू झालेल्या गुन्ह्यांत बळी पडणारी बहुतेक मुले किशोरवयीन असतात, आणि बहुतेक गुन्हेगार आपण प्रौढ आहोत हे लपवतही नाहीत. ते मुलाच्या एकाकीपणाचा, प्रेमाच्या ओढीचा फायदा घेतात, असे त्यांना आढळले. २००६ साली मुलांना अशा प्रकारे जाळ्यात ओढल्याबद्दल ज्यांना अटक झाली, त्यांत नोंदवहीत आधीपासून नाव असलेले अवघे ४ टक्के होते. त्याआधी २००० साली आलेल्या एका सरकारी अहवालाने पोलिसांत नोंदल्या गेलेल्या प्रकरणांचा हिशेब मांडला होता: अत्याचार झालेल्या अल्पवयीनांपैकी ९३ टक्क्यांना अत्याचारी आधीपासून परिचित होता, घरातला किंवा ओळखीतला. यादीवर डोळे लावून बसलेला समाज हे डोळे घरातून, शाळेतून, ओळखीच्या माणसावरून काढून घेतो. म्हणूनच सरसकट बंदीची किंमत केवळ यादीतला माणूस मोजतो असे म्हणता येत नाही; जिच्यासाठी ती बंदी केली, ती मुलगीही मोजते.

हे सारे वाचताना आम्हाला आपल्याकडच्या एका यादीची आठवण टाळता आली नाही. १८७१ च्या कायद्याने ब्रिटिश सरकारने काही जमातींना जन्मतः गुन्हेगार ठरवले. १९११ च्या कायद्यानंतर मुंबई इलाख्यातही तो अंमल आला. नावे नोंदवायची, ठरल्या वेळी पोलिसांकडे हजेरी द्यायची, परवान्याशिवाय गाव सोडायचे नाही. सोलापूरला तर तारेच्या कुंपणातील वसाहत, लोकांच्या तोंडची ‘सेटलमेंट’, उभी राहिली. या दोन याद्या सारख्या आहेत असे आमचे मुळीच म्हणणे नाही. एका यादीत माणसे जन्मामुळे गेली, दुसऱ्या यादीत सिद्ध झालेल्या गुन्ह्यामुळे. हा फरक पुसणे म्हणजे पारधी-उचल्यांचाही अपमान आणि अत्याचार झालेल्या मुलांचाही. तरी यादी एकदा रूढ झाली की ती कशी वागते, हे मात्र त्या इतिहासावरून शिकता येते. १९५२ मध्ये तो कायदा गेला, पण शिक्का गेला नाही. लक्ष्मण गायकवाडांचे ‘उचल्या’ हे आत्मकथन १९८७ चे आहे. २०२४ मध्ये आपल्या सर्वोच्च न्यायालयाला तुरुंगांच्या नियमावल्यांतील जातिभेदाच्या तरतुदी रद्द करताना, विमुक्त जमातींच्या लोकांना मनमानीने अटक करू नये, हे पुन्हा एकदा बजावावे लागले. यादी लिहिणारा हात पुष्कळदा उत्साही असतो. नाव खोडणारा हात कोणाचाच नसतो.

आपल्याकडे २० सप्टेंबर २०१८ रोजी लैंगिक गुन्हेगारांची राष्ट्रीय नोंद सुरू झाली. आरंभीच तीत ४.४ लाख नोंदी होत्या. बलात्कार, बालकांवरील अत्याचार आणि छेडछाड या तिन्ही प्रकारांतील दोषी तीत आहेत. ती पोलीस आणि तपास यंत्रणांपुरती ठेवली गेली, हे शहाणपणाचे झाले. पण अमेरिकेतील यादीही १९४७ साली पोलिसांपुरतीच होती, हे विसरता कामा नये. एखादे अमानुष प्रकरण घडेल, लोक रस्त्यावर उतरतील, आणि यादी खुली करा, यांचे इंटरनेट तोडा, ही मागणी होईल. तिला उत्तर देण्याची सामग्री आपल्यापाशी थोडीबहुत तयार आहे. २०१९ मध्ये केरळच्या उच्च न्यायालयाने, महाविद्यालयाच्या वसतिगृहात मोबाइलवर घातलेले निर्बंध न पाळल्याने काढून टाकलेल्या एका विद्यार्थिनीच्या प्रकरणात, आंतरजालाचा वापर हा शिक्षणाच्या आणि खासगीपणाच्या हक्काचा भाग मानला. १० जानेवारी २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने काश्मीरमधील इंटरनेटबंदीच्या संदर्भात सांगितले की, आंतरजालावरून बोलण्याला आणि व्यवसाय करण्याला अनुच्छेद १९ चे संरक्षण आहे आणि बेमुदत बंदी चालणार नाही. मात्र आंतरजाल मिळणे हाच मूलभूत हक्क आहे काय, यावर न्यायालयाने मत देण्याचे टाळले. दोषी ठरलेल्याच्या बाबतीत तो प्रश्न कधीतरी येणारच आहे.

तेव्हा आमचे मत काय? बंदी कृतीवर असावी, उपस्थितीवर असू नये. ती न्यायाधीशाने त्या एका माणसाचा गुन्हा पाहून घालावी, विधिमंडळाने वीस हजारांवर एका फटक्यात घालू नये. तिला मुदत असावी, आणि फेरविचाराची वाट असावी. ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये आजन्म नोंदणीबाबत हेच मागितले होते. ज्याने आंतरजालावरूनच मूल गाठले, त्याच्या संगणकावर कडक नजर ठेवली तर त्यात स्वातंत्र्याचा भंग नाही. नॉर्थ कॅरोलायनानेही २०१९ मध्ये आपला कायदा बदलून, धोकादायक ठरलेल्या गुन्हेगारांच्या, मुलांना अपाय करणाऱ्या नेमक्या कृतींवर तो आणून ठेवला. मूळ निकालाने मुले उघड्यावर पडली नाहीत. कायद्याला नेम धरायला शिकवले गेले.

एका मुद्द्यावर मात्र आम्हा दोघांत अजून एकमत नाही. शिक्षेचा उरलेला काळ देखरेखीखाली काढणाऱ्यावर, गुन्हा आंतरजालावरचा असेल तर, त्या मुदतीपुरती संपूर्ण बंदी घालण्यास हरकत नाही, असे आमच्यापैकी एकाला वाटते. दुसऱ्याच्या मते आज आंतरजालाशिवाय नोकरीचा अर्जही करता येत नाही, आणि ज्याला काम नाही, माणसांत जागा नाही, तो माणूस अधिक धोकादायक होतो. २०१९ मध्ये न्यूयॉर्कच्या त्याच अपील न्यायालयाने पॅकिंगहॅमच्या निकालाचा आधार घेऊन देखरेखीतलीही संपूर्ण बंदी रद्द केली. म्हणजे तूर्त दुसऱ्याची बाजू वरचढ आहे. पण वाद मिटला आहे असे पहिल्याला वाटत नाही.

तेरा वर्षांची ती मुलगी आज तिशीच्या पुढे गेली असेल. सर्वोच्च न्यायालयाच्या निकालपत्रात ती एका वाक्यापुरती येते आणि जाते. पुढल्या वेळी वर्गात अभिव्यक्तिस्वातंत्र्याचा विषय निघेल, तेव्हा ‘सखाराम बाइंडर’नंतर आम्ही हा खटला सांगू, आणि सांगताना तिच्यापासून सुरुवात करू. तिला आठवूनही त्या माणसाचा बोलण्याचा हक्क मान्य करता आला, तरच तो हक्क आपल्याला खरोखर कळला असे समजावे.